खालच्या तलावाचं पाणी

कोळंबी सोलताना मी अजूनही आधी दोरा बघतो. पाठीवर नखाने चीर द्यायची आणि तो काळा दोरा ओढून टाकायचा, एवढंच काम. पण माझा हात तिथे थबकतो. दोरा सलग भरलेला आहे का? की मधेमधे तुटलाय? की आत नुसतं पांढुरकं पाणी? भरलेला दिसला की मला बरं वाटतं. समोरचा जीव केव्हाच मेलेला, मीठ-हळदीची वाट बघत ताटलीत पडलेला, आणि मी मात्र त्याने शेवटचं पोटभर खाल्लं होतं याचं समाधान मानत ओट्यापाशी उभा.

"झाली का परीक्षा? केलंत का पास तिला?" विद्या विचारते. विद्या माझी बायको. शाळेत शिकवते, त्यामुळे तिला सगळीकडे पास-नापासच दिसतं. मी काही बोलत नाही. मी तसाही फार बोलत नाही, आणि आमच्या घरात त्याला माझा स्वभाव म्हणतात. तो स्वभाव नव्हता, हे आता लिहून टाकायला हवं.

वैशाखात हे जास्त होतं. नवीन पनवेलला आमच्या फ्लॅटची एक खिडकी पश्चिमेला आहे. दुपारी वारा फिरला की तिच्यातून खाडीचा वास येतो. खालच्या मजल्यावरचे लोक पटापट खिडक्या लावून घेतात. "गटार फुटलं वाटतं कुठेतरी," म्हणतात. गटार नसतं ते. अमावस्येच्या उधाणाला भरती जितकी चढते तितकीच ओहोटी खोल जाते, आणि एरवी कधी ऊन न पाहिलेला खाडीच्या पोटातला चिखल उघडा पडतो. कुजलेला तिवराचा पाला, मीठ, शिंपल्यांतलं अडकलेलं पाणी, सगळं एकदम तापतं. तो वास आला की मी कॅलेंडरकडे बघत नाही. आज अमावस्या किंवा तिच्या पुढचा-मागचा दिवस, हे मला ठाऊक असतं. आमच्याकडे तिथी उपासासाठी नव्हे, पाण्यासाठी लक्षात ठेवायची. पाणी चढायचे दिवस ते उधाणाचे, आणि मधले मंद, खाडी नुसती हलायची ते भांगाचे.

आमची जमीन खाडीला लागून होती. आजोबांच्या काळी आतल्या अंगाला भात आणि खाडीच्या अंगाला मिठागर. पुढे बाहेरचा बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं, आणि भात पुन्हा कधी धड उभा राहिला नाही. मग दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, दोन तलाव खणले. कोळंबीचे. वरचा माझा, खालचा त्याचा. वरचा-खालचा म्हणजे खाडीच्या हिशेबाने: भरतीचं पाणी आधी खालच्या तलावाच्या दाराशी यायचं, मग माझ्या. आणि ओहोटीला मी सोडलेलं पाणी त्याच्या दारावरून जायचं. त्या दाराला आमच्याकडे उघाडी म्हणतात. बांधातली दगडी चौकट आणि तिच्यात एकावर एक बसवलेल्या लाकडी फळ्या. फळी उचलली की पाणी आत किंवा बाहेर, खाडीची मर्जी असेल तसं.

दादा गेला तेव्हा त्याची सोनल कॉलेजात होती. तेरावं झालं, आणि आमच्या आत्याने तिच्या पडवीत सगळ्या हिस्सेदारांना बोलावलं. आत्या माहेरीच राहिलेली, वडिलांच्या पिढीतली शेवटची, आणि तिचा शब्द म्हणजे घराचा शब्द. आजूबाजूच्या जमिनींवर मुरुमाचे भराव पडायला लागले होते. आमचीही द्यावी, असं सगळ्यांच्या मनात होतं. अडलं होतं ते फक्त वहिनींच्या सहीवर.

"बाईमानसाचं काम नाय ता," आत्या म्हणाली. "चिखलात उतरशील, पंप चालवशील? सही कर नि मोकली हो."

वहिनी खाली मान घालून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "एक हंगाम द्या मना. पिकला तर तलाव माजा, पुन्ना कोनी इषय काराचा नाय. नाय पिकला तर तुमी बोलाल तिथं सही."

"कोलबी तुजं आयकनार हाय काय?"

"तुमी आयकता का माजं? मंग कोलबीचंबी बघू."

पडवीत सगळे हसले. आत्यासुद्धा मिश्रीचं बोट तोंडात तसंच ठेवून हसली. असा तो हंगाम ठरला. मी त्या बैठकीत ना एका बाजूने बोललो, ना दुसऱ्या. माझं गप्प बसणं समजूतदारपणात धरलं गेलं. माझं नेहमीच तसं धरलं जातं.

होळी झाल्यावर बी आलं. बी म्हणजे पापणीच्या केसाएवढी पिल्लं, प्राणवायू भरून फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून, लांबून टेम्पोने आलेली. पिशव्या आधी तलावावर तरंगत ठेवायच्या, आतल्या-बाहेरच्या पाण्याची ऊब सारखी होऊ द्यायची, मग सोडायच्या. त्याआधी खाडीची ओटी भरायची, नारळ द्यायचा. ओटी सवाष्णीने भरायची ही रीत. विद्या भरणार होती. ती शाळेत परीक्षेच्या कामात अडकली, फोन लागेना, आणि ऊन तर असं की पिशव्या हाताला पोळायला लागल्या. आतली पिल्लं तळाशी बसू लागली. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, ओटीच्या सुपाकडे पाहिलं, आणि पदर खोचला.

"खाडीला काय दिसतं, कपालाला कुकू हाय का नाय?" असं म्हणून त्या गुडघाभर पाण्यात उतरल्या. तांदूळ, खण, नारळ. पाण्याने तांदूळ ओढून नेले. मग आम्ही पिशव्या उघडल्या. बांधावर आत्या उभी होती. नुसती बघत होती.

ते पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते, हे सांगायला मला लाज वाटते, पण होते. संध्याकाळी पाणी सोनेरी व्हायचं आणि कोळंबी उड्या मारायची. सगळ्या तलावावर कुणीतरी मुरमुरे उधळावेत तसा आवाज. खाद्याचा चेक ट्रे, म्हणजे जाळीचं एक ताट, पाण्यात सोडायचं आणि थोड्या वेळाने वर काढून बघायचं, खाल्लं की नाही. वहिनी ट्रे वर काढायच्या आणि रिकामा दिसला की तिथूनच ओरडायच्या, "भावजी, चाटून पुसून! यांना सासुरवास नाय काय नाय!" एखादी कोळंबी चिमटीत धरून सूर्याकडे करायच्या. काचेसारखी ती, आणि तिच्या पाठीतून गेलेला भरला दोरा. "बघा, जेवून आली." दादा गेल्यापासून मी त्यांना हसताना तिथेच पाहिलं.

वैशाख लागला तशी माझ्या तलावात पहिली खूण दिसली. ट्रे भरलेला वर आला. दुसऱ्या दिवशीही. मग वाऱ्याच्या कडेला, कोपऱ्यात, पाण्यावर पांढरे दोरे तरंगायला लागले. ती त्यांची विष्ठा. निरोगी कोळंबीची तपकिरी असते, तळाशी जाते. ही पांढरी, हलकी, शिवणकामातून उसवून टाकलेल्या दोऱ्यांसारखी. कोळंबी कडेला यायला लागली. माणसाच्या सावलीला जी टुणकन उडायला हवी, ती हात लावला तरी नुसती बाजूला झुकायची. शेपट्या तांबूस, कवच सैल, आणि उन्हाकडे धरली तर आत काहीच नाही.

मी एका लॅबवाल्या मुलाला बोलावलं. त्याने पाणी नेलं, काही कोळंब्या नेल्या, आणि दोन दिवसांनी काचेची चपटी डबी घेऊन आला. आत जेलीसारखा थर जमवलेला, आणि त्यावर हिरवे ठिपके. खरं सांगतो, दिसायला सुंदर होते. कोवळ्या शेवाळासारखे.

"विब्रिओ आहे काका," तो म्हणाला. "बॅक्टेरिया. हिरवे जास्त आले की वाईट."

"औषध?"

"काय देणार? औषध खाद्यातून द्यायचं. त्या खातच नाहीत. आणि अँटिबायोटिक तर टाकायचंच नाही, बंदी आहे."

"मग?"

त्याने डबीचं झाकण लावलं. "पाणी खाडीत सोडू नका. आहे तिथेच अडवा, ब्लिचिंग मारा, आठवडा जाऊ दे. आणि खालच्यांना सांगा, तोवर खाडीचं पाणी घेऊ नका म्हणून. कोण आहे खाली?"

"घरचेच आहेत," मी म्हणालो. "सांगतो."

मी सांगितलं नाही.

कारणं मी अनेक वर्षं गोळा केली आहेत. एक म्हणजे लाज. तलावात रोग आला की आमच्याकडे तो घरातल्या रोगासारखा लपवतात. कुणाच्या तलावाची कोळंबी मेली हे गावाला बगळ्यांवरून कळतं, मालकाच्या तोंडून कधीच नाही. दुसरं म्हणजे जी अजून जिवंत होती ती काढायची होती, आणि काढायची रीत एकच: उघाडीला जाळ्याची पिशवी बांधायची, फळ्या उचलायच्या, आणि ओहोटीबरोबर सगळं पाणी जाळ्यातून जाऊ द्यायचं. पाणी अडवलं असतं तर हाताला काहीच लागलं नसतं. तिसरं कारण मी स्वतःला दयेसारखं सांगायचो. वहिनींचा तलाव खालचा असला तरी त्याच्या उघाडीचा उंबरा उंच. त्यांच्याकडे पाणी फक्त उधाणाला चढायचं. हे उधाण चुकलं तर पुढच्या उधाणापर्यंत जुनं, जड झालेलं पाणी, आणि त्यातही कोळंबी मरतेच. मग सांगून तरी काय?

आणि चौथं. तलाव पिकला नाही तर वहिनी सही करणार होत्या, आणि मग आमचं सगळ्यांचंच सुटणार होतं. त्या दुपारी हा विचार माझ्या मनात होता का? मला खरंच आठवत नाही. नव्हता, असं मात्र मी म्हणू शकत नाही.

आमच्याकडे उघाडी उघडण्याची एक रीत आहे, मिठागरांच्या काळापासूनची. आधी हाक घालायची. खाडीच्या खालच्या अंगाला कुणी चिंबोऱ्या धरत असतं, कुणी निवटे मासे धरायला चिखलातल्या बिळात हात घालून बसलेलं असतं, कुणाचं दार उघडं असतं. "पानी सोडतो रे!" अशी हाक, आणि खालून "सोड रे!" असं उत्तर आल्याशिवाय फळीला हात लावायचा नाही. उत्तर आलं नाही तर पुन्हा हाक. दादा तर कुणी नसलं तरी हाक घालायचा आणि थोडं थांबून स्वतःच उत्तर द्यायचा, रीत मोडायला नको म्हणून.

अमावस्येची दुपार. भरती होऊन गेलेली, पाणी नुकतंच मागे वळलेलं. बांधावर चिटपाखरू नव्हतं. जेवून सगळे घराघरांत आडवे. मी जाळं बांधलं. फळी पाण्याने फुगून घट्ट बसली होती, पहारीने उचकटावी लागली. मी हाक घातली नाही. फळी वर आली आणि माझ्या तलावाचं हिरवट, फेसाळ पाणी माझ्या पायांवरून धावत खाडीत गेलं. वहिनींच्या दारावरून गेलं. मी तिकडे पाठ करून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा भरती चढली. माझी कोळंबी उन्हाने गेली, असंच घरात सगळ्यांनी धरलं होतं. वहिनी त्यांच्या उघाडीपाशी आल्या. मीही तिथे गेलो. का गेलो, कुणास ठाऊक. कदाचित सांगायलाच गेलो असेन. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, जिभेवर घेतलं, थुंकलं.

"भावजी, पानी कसं वाटतं? घेऊ?"

"चांगलं आहे," मी म्हणालो. "घ्या."

एवढंच. बाकी सगळं मी घडू दिलं असेल, पण हे शब्द मी बोललो. कमी बोलणाऱ्या माणसाचे शब्द लोक तपासून बघत नाहीत. त्यांनी लगेच फळी उचलली.

पुढचे दिवस मला क्रमाने आठवत नाहीत. तुकडे आठवतात. भरलेला ट्रे हातात धरून उभ्या वहिनी, आणि त्या ओरडत नाहीत. मी खांद्यावरून आणलेली चुन्याची गोणी. आम्ही दोघं बांधावरून चुना उधळतोय, आमच्या भुवया पांढऱ्या, आणि त्या म्हणतायत, "तुमच्या तलावाचं झालं तवाच मना वाटलं व्हतं. उन्हाला हाय काय कमी?" कुणीतरी लसूण सांगितला म्हणून खाद्यात लसूण वाटून घातला, हळद घातली, गूळ आणि कोंडा आंबवून तो ओतला. मला माहीत होतं, त्या खात नाहीत, पोटात जाणार कसं. तरी मी लसूण सोलत बसायचो. सोनल कॉलेजातून यायची, दप्तर बांधावर टाकून कडेने मेलेली कोळंबी वेचायची, बादलीत टाकायची. कुजक्या कोळंबीचा वास हातातून जात नाही, लिंबाने नाही, चिंचेने नाही. ती पोरगी वर्गात हात ओढणीखाली लपवून बसायची, हे विद्याने मला नंतर सांगितलं.

आणि बगळे. ते आधी दोन-चार आले. मग रांगच लागली, पंगतीला बसावं तशी. वहिनी आधी त्यांना ढेकळं मारायच्या. मग एका दिवशी त्यांनी ढेकूळ उचललं आणि तसंच खाली ठेवलं. "खाऊ द्या," म्हणाल्या. "कोनाला तरी लागू दे."

आत्या बांधावर आली ती त्याच दिवशी. तलावाकडे बघून म्हणाली, "खाडीची वटी रांडवेनं भरली, आनकी काय व्हनार? खाडी देवी हाय बाय. ती काय परत देल?"

मी तिथे होतो. हाताच्या अंतरावर. माझ्या हातात लसणाची सालं होती. वहिनी काहीतरी तडकावून बोलतील असं मला वाटलं, त्या बोलणाऱ्या. पण त्यांनी नुसतं स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं.

त्यांनी शब्द पाळला. सही केली. डंपर आले, लाल मुरूम पडत गेला, आधी खालच्या तलावावर, मग वरच्या. वहिनी उलव्याला फ्लॅटमध्ये गेल्या, आम्ही पनवेलला आलो, मी उरणच्या रस्त्यावर एका कंटेनर यार्डात नोकरीला लागलो. तलावांच्या जागी आता पत्र्याचं कुंपण आहे आणि वरून विमानं जातात. कधी त्या बाजूला गेलो तर दिसतं की उधाणाच्या दिवशी पाणी अजूनही भरावाखालून येतं. कुंपणाच्या पायथ्याशी ओल चढते, सुकते, आणि मिठाची पांढरी रेघ उरते.

त्या लॅबवाल्या मुलाला मी नंतर एकदा विचारलं होतं. माझं पाणी आत गेलं नसतं तर खालचा तलाव वाचला असता का? तो म्हणाला, "कसं सांगणार काका? हा जीव खाडीत असतोच. प्रत्येक पाण्यात असतो. उन्हाळा, गर्दी, कमी हवा, काहीही निमित्त पुरतं." मी त्या उत्तराच्या आडोशाला बरीच वर्षं राहिलो. असतोच. प्रत्येक पाण्यात असतो. रात्री झोप आली नाही की हेच म्हणायचं. पण मला ज्याची टोचणी होती ते पाणी नव्हतंच. पाण्याबद्दल शंका घेता येते. बांधावर लसणाची सालं हातात धरून मी गप्प उभा होतो, त्याबद्दल घेता येत नाही. कोळंबी कशाने मेली याचा एक तरी धागा माझ्याकडे होता, आणि तो मी त्या बाईच्या हाती दिला नाही. तिने मग दुसरा धरला, जवळचा, आत्याने दिलेला.

कारण वहिनींनी ते खरं मानलं. हळूहळू, कुणाला न कळेल असं. नातेवाइकांत हळद असली की त्या नेमक्या आत भांड्यांपाशी. बारसं असलं की पाळण्याच्या दोरीला हात नाही. विचारलं तर हसायच्या. ज्या बाईने खाडीला काय दिसतं म्हटलं होतं तिला आता स्वतःच्या हाताशिवाय काही दिसेना. आणि मी त्यांच्या घरी सणावारी जायचो, त्या मला आग्रहाने वाढायच्या, मी जेवायचो.

या वैशाखात सोनलला सातवा महिना लागला. ओटभरण उलव्याला, आईकडे. दोन दिवस आधी मी आणि विद्या मदतीला गेलो. वहिनी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून विळीवर नारळ खवत होत्या. विद्याला म्हणाल्या, "पयली वटी तू भर. मी हितंच बसन. माज्या हाताचा गुन तुमाला ठावं हाय." आणि हसून पुढे, "सगला तलाव नेला या हातानं. पोरीला ह्यो हात कनाला लावू?"

त्या हे विनोदासारखं बोलल्या. विद्याही सवयीने हसली. आणि मी, ओट्याला टेकून उभा असलेला, बोलायला लागलो. हिरव्या ठिपक्यांची डबी, तो मुलगा, जाळं, फळी, न घातलेली हाक. बोलायची सवय नसलेला माणूस बोलतो तसं, मागचं पुढे, पुढचं मागे. विद्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं घरात कुणी परका शिरलाय. इतक्या वर्षांत मी तिलाही सांगितलं नव्हतं.

वहिनींचा हात थांबला नव्हता. मी गप्प झाल्यावर त्यांनी विचारलं, "मी इचारलं व्हतं ना तुमाला? पानी कसं हाय म्हनून?"

"हो."

"नि तुमी बोलले, चांगलं हाय."

"हो."

त्या खवत राहिल्या. खोबरं केव्हाच संपलं होतं. नुसती करवंटी विळीवर घासत होती, आणि तो आवाज दातांत जात होता. मग त्यांनी करवंटी बाजूला ठेवली.

"मना सांगून काय उपेग? जे बोलले त्यांना सांगा. चारचौघींत."

ओटभरणाच्या दिवशी दिवाणखाना बायकांनी भरलेला होता. सोनल फुलांच्या दागिन्यांत, फुलांच्या धनुष्याखाली, घामेजलेली. आत्या आता खूप म्हातारी. तिला खुर्चीत बसवलं होतं, मांडीवर पंखा. गाणी झाली. विद्या सूप घेऊन पुढे आली तेव्हा मी मधे उभा राहिलो. बायकांच्या कार्यक्रमात एक पुरुष मधे उभा, म्हणून आधी हसू पिकलं. "काय भावजी, तुमालाबी डोहाले?" कुणीतरी म्हणालं. मी आत्याकडे बघून बोललो. थोडक्यात. खालच्या तलावात रोग माझ्या पाण्याने गेला, वहिनींच्या ओटीने नाही. मला माहीत होतं, आणि मी बोललो नाही.

आत्याने कानामागे हात धरला. "काय बोलतं ह्या? कनचा तलाव?"

"आपला. दादाचा. तू म्हणाली होतीस, ओटी वहिनींनी भरली म्हणून गेला."

"मी बोलली?" तिने आजूबाजूला पाहिलं, जणू कुणी साक्ष देईल. "मना नाय बा आठवत. कवरी वरसं झाली. आज शुभ दिस हाय, आज कनाला काढतंस ता?"

तिला खरंच आठवत नव्हतं. मी तिचा चेहरा बघत होतो. त्यात लबाडी नव्हती. वहिनींनी ज्या वाक्याखाली इतकी वर्षं काढली ते वाक्य बोलणारीकडे उरलंच नव्हतं. ते परत घ्यायला आता कुणी नव्हतं. एकीने घसा खाकरला, दुसरीने नव्या गाण्याची सुरुवात केली, दोघी-तिघींनी सूर धरला. माझं बोलणं त्या गाण्याखाली गेलं, मुरुमाखाली तलाव जावा तसं.

सोनल मात्र उठली. धनुष्याखालून वाकून, एक हात कमरेवर ठेवून, ती सरळ आत गेली. गाणं अर्ध्यावर थांबलं. मी तिच्यामागे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो.

वहिनी भिंतीला टेकून खाली बसलेल्या. सोनल त्यांच्यासमोर, सात महिन्यांचं पोट सांभाळत, हळूहळू जमिनीवर बसली आणि तिने पदर पसरला.

"आई, भर."

"विद्या भरनार हाय ना."

"भर गं. पाय दुखतायत माझे, किती वेळ बसू?"

शेजारी परातीत ओटीचे जादा तांदूळ काढून ठेवले होते. वहिनींनी त्यात हात घातला. मूठ भरली. मूठ वर आली आणि पदराच्या वर थांबली. मला त्यांच्या मनगटावरची शीर दिसत होती. त्यांनी मुलीकडे पाहिलं नाही. त्यांनी दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. नारळ खवत होत्या त्या दिवशीही त्यांनी असं पाहिलं नव्हतं.

"याला आधी भायेर जाऊ दे," त्या म्हणाल्या.

मी वळलो. दिवाणखान्यातून, बायकांच्या मधून, दाराशी चपलांचा ढीग होता तिथवर गेलो. मागे स्वयंपाकघराचं दार लोटलं गेलं. मग आतून कडी लागली.